विहिरीपर्यंत किती व्होल्ट पोचतात? मोटारीच्या केबलचा हिशेब

केबल घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘मोटार किती एचपीची?’ पाच म्हटलं की अडीच स्क्वेअर एमएमचं बंडल समोर येतं. दुकानदार खोटं बोलत नसतो. पाच एचपीची मोटार नऊ-दहा अँपिअर घेते आणि तेवढा करंट अडीचची तांब्याची केबल आरामात पेलते, तापून वितळत नाही. पण मीटर-स्टार्टरच्या पेटीपासून बोअर किती लांब आहे, हे त्यानं विचारलेलं नसतं. केबल टिकते, कमी व्होल्टेजवर चालून चालून मोटारीची कॉइल जळते.

तारेला स्वतःचा रोध असतो. करंट वाहिला की त्या रोधात काही व्होल्ट खर्च होतात. लांबी वाढली की हा खर्च वाढतो, तार जाड घेतली की कमी होतो. तो आधीच कागदावर काढता येतो. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे.

आधी चार आकडे गोळा करा

पहिला आकडा करंटचा. तो मोटारीच्या नेमप्लेटवर असतो. अंदाजानं धरू नका, कारण सारख्याच एचपीच्या दोन मोटारींचा करंट वेगळा असू शकतो. दुसरा लांबी. पेटीपासून बोअरच्या तोंडापर्यंत दोरीनं मोजा, बांधावरून वळसा असेल तर वळशासकट, आणि मोटार जितकी खोल सोडली आहे तेवढे मीटर त्यात मिळवा. ही खोली लोक हमखास विसरतात. तिसरा तारेची जाडी, म्हणजे केबलवर छापलेले स्क्वेअर एमएम. चौथा पॉवर फॅक्टर. तोही नेमप्लेटवर असतो. नसेल तर ०.८ धरा.

मग तारेचा रोध

तांब्यासाठी २२.५ ला जाडीनं भागा, ॲल्युमिनियमसाठी ३६ ला. उत्तर येतं ते एका किलोमीटरला किती ओहम, याचं. तार चालू असताना गरम होते आणि गरम तारेचा रोध वाढतो. ती वाढ या आकड्यांत धरलेली आहे. अडीचच्या तांब्याला किलोमीटरला ९ ओहम येतात, चारला ५.६, सहाला ३.७५, दहाला २.२५. ॲल्युमिनियमची सोळाची केबलही बरोबर २.२५ वर येते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता गुणाकार

थ्री फेजसाठी: १.७३२ × करंट × रोध × लांबी (किलोमीटरमध्ये) × पॉवर फॅक्टर.

सिंगल फेजला १.७३२ च्या जागी २ घ्या, कारण करंट एका तारेनं जाऊन दुसरीनं परत येतो आणि दोन्हींत व्होल्ट खर्च होतात. लांबी मात्र दोन्हीकडे एकेरीच धरायची.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पाच एचपीची थ्री फेज सबमर्सिबल, करंट ९ अँपिअर, पेटीपासून बोअर २४० मीटर, मोटार ६० मीटर खोल. एकूण ३०० मीटर, म्हणजे ०.३ किलोमीटर. सगळी केबल अडीचची असेल तर १.७३२ × ९ × ९ × ०.३ × ०.८, म्हणजे सुमारे ३४ व्होल्ट. थ्री फेजच्या ४१५ व्होल्टच्या मानानं आठ टक्क्यांहून जास्त. चारची घेतली तर २१ व्होल्ट, सहाची घेतली तर १४, दहाची घेतली तर ८.४.

किती चालतं? आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०३६४ मानकात दिव्यांसाठी ३ टक्के आणि बाकी वापरासाठी ५ टक्के घट सुचवली आहे. त्या हिशेबानं चारची केबल काठावर नापास, सहाची पास. पण शेतात मी ३ टक्क्यांच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या पुढे जाणार नाही. कारण पेटीवर ४१५ असतात ते पुस्तकात. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीच्या शेवटच्या टोकाला ३८० मिळाले तरी नशीब. त्यातून आपल्या केबलनं ३४ खाल्ले तर मोटारीला ३४६ उरतात. पाणी तेवढंच उचलायचं असल्यानं मोटार करंट जास्त ओढते, करंट वाढला की केबलमधली घट आणखी वाढते आणि सगळी उष्णता कॉइलमध्ये साठते. सुरू होताना तर मोटार पाच-सहा पट करंट घेते. त्यात तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: व्होल्टेज ८० टक्के राहिलं तर जोर ६४ टक्केच. मोटार नुसती घुमते आणि उठत नाही, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

दहाची तांब्याची परवडत नाही, मग?

सगळी केबल एकाच जातीची हवी असं कुठे आहे? पेटी ते बोअर २४० मीटर सोळाची ॲल्युमिनियम आर्मर्ड (लोखंडी कवचाची) टाका आणि बोअरमध्ये ६० मीटर चारची तांब्याची सोडा. रोध वेगवेगळे काढून बेरीज करा: ०.५४ अधिक ०.३४, म्हणजे ०.८८ ओहम. १.७३२ × ९ × ०.८८ × ०.८ = ११ व्होल्ट. मर्यादेत बसलं. ॲल्युमिनियम पाऊण मीटर खोल पुरा, म्हणजे नांगराचा फाळ लागणार नाही. तांबं-ॲल्युमिनियमच्या सांध्याला मात्र बायमेटॅलिक लग (दोन्ही धातूंना चालणारं जोडटोक) लावा. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या सांध्याला गंज चढतो आणि केलेला सगळा हिशेब तिथं जळतो.

‘वीज फुकट आहे, जाऊ दे चार युनिट’ असं कुणी म्हणेल. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल नाही, हे खरं. पण रिवाइंडिंगवाला फुकट करत नाही, आणि ऐन पाण्याच्या पाळीत मोटार वर काढावी लागते ते वेगळंच.

केबल आधीच टाकलेली असेल तर

वायरमनकडून चालू मोटारीवर दोन्ही टोकांना, पेटीत आणि बोअरच्या तोंडाशी, फेज-फेजमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे केबलमधली घट. टाँग टेस्टरनं करंटही बघा. बोअरच्या तोंडाशी मोजताय, म्हणून तुलनेचा हिशेब फक्त तिथपर्यंतच्या २४० मीटरचा करा. मोटार बंद ठेवून मोजलं तर दोन्हीकडे सारखाच आकडा दिसेल, कारण करंटच नाही तर घट कसली! कागदावर १५ व्होल्टची घट येते आणि मोजलेला फरक ३० निघतो, असं झालं तर बंडल बदलायच्या आधी मेन बंद करून वाटेतले सांधे उघडून बघा. एकाच फेजमध्ये घट जास्त असेल तर दोष त्याच फेजच्या सांध्यात किंवा स्टार्टरच्या काँटॅक्टमध्ये सापडतो.