साठीनंतरचा विवाह: मुलांशी बोलणी आणि मृत्युपत्र

साठीनंतर पुन्हा लग्न करताना मुलांची परवानगी मागू नये, पण त्यांना विश्वासात जरूर घ्यावे. त्यांचा विरोध पुष्कळदा नव्या माणसाला नसून घराच्या वाटणीच्या धास्तीपोटी असतो. मुलांच्या दिवंगत आईची नथ, पाटल्या आणि पैठणी कोणाकडे जाणार हे तोंडी न ठेवता त्या वस्तू लग्नाआधीच देऊन टाकाव्यात.

विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्न करायचे असल्यास लग्नाच्या नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. तेवढ्यात वकिलाकडून मृत्युपत्राचा मसुदा करून घ्यावा, सही मात्र विवाहानंतर दोन साक्षीदारांसमोर करावी, आणि सक्ती नसली तरी नोंदणीही करावी. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना वारल्यास पत्नी, मुलगे, मुली आणि हयात आई यांना समान वाटा मिळतो, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे.

मृत्युपत्राच्या निमित्ताने मागचेही निस्तरावे: पूर्वी गोड बोलून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले असेल, तर तिच्या घरी जाऊन माफी मागावी, फोनवर नव्हे. ‘तुझेही थोडे चुकलेच’ हे वाक्य (ते हमखास ओठांवर येते) गिळावे, शक्य असल्यास तिचा वाटा मृत्युपत्रात नोंदवावा, आणि तिने त्याच दिवशी माफ करावे असा हट्ट धरू नये.