फ्रीझरमधले टॉर्टिया चिकटतात, उलगडताना तुटतात: माझा उपाय

लक्षण असे: फ्रीझरमधून काढलेल्या टॉर्टियांचा (मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ मेक्सिकन पोळ्यांचा) एकच गठ्ठा झालेला, कडांवर बर्फ, आणि गरम करून घडी घातली की मधोमध चीर. मक्याचे तर हमखास तुटायचे. चांगले अन्न असे वाया जाताना फार जीव तुटायचा.

फॉइलमध्ये गुंडाळून पाहिले, डब्यात ठेवून पाहिले, आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवले. शेवटचा प्रकार मक्याच्या टॉर्टियांना सर्वात वाईट, कारण शिजलेला स्टार्च फ्रिजच्या थंडाव्यात सर्वात वेगाने कडक होतो.

शेवटी जमले ते असे. भाजलेले टॉर्टिया आधी जाळीवर सुटे पसरून पूर्ण गार करायचे. ही पायरी गाळू नका; आतली वाफच पुढे बर्फ होते. मग प्रत्येक दोघांमध्ये बटर पेपरचा तुकडा, टॉर्टियापेक्षा किंचित मोठा. एका वेळी लागतील तेवढ्यांचीच चळत झिपच्या पिशवीत घालून तळहाताने हवा दाबून काढायची आणि बंद करायची. पिशवी कडक होईपर्यंत फ्रीझरमध्ये सपाट, उणे 18 अंशांवर. वर तारीख लिहा.

वापरताना हवे तेवढेच काढून थेट चांगल्या तापलेल्या कोरड्या तव्यावर, दोन्ही बाजूंनी साधारण 30-30 सेकंद. मक्याचा असेल तर आधी ओल्या हाताने पुसून घ्या. उतरवले की लगेच स्वच्छ कापडात गुंडाळून 5 मिनिटे झाकून ठेवा. त्या वाफेनेच ते मऊ होतात आणि घडी चिरत नाही.