रबरी शिक्के आणि हातकागदाची दिवाळी शुभेच्छापत्रं

हाताने केलेलं शुभेच्छापत्र बिघडतं ते बहुतेक वेळा अगदी शेवटी. कार्ड कापून झालं, घडी घातली, सुंदर कागद चिकटवला आणि मग मधोमध ‘शुभ दीपावली’ उमटवताना हात हलला, की सगळंच रद्दीत. म्हणून पहिला नियम: कार्डावर थेट शिक्का मारायचा नाही. शिक्का मारायचा वेगळ्या छोट्या तुकड्यावर, आणि त्यातला नीट उमटलेला तुकडाच कार्डावर चढवायचा. मग बिघडलंच, तर पत्त्यातल्या पानाएवढा कागद जातो, कार्ड वाचतं. पुढची सगळी मापं याच पद्धतीची आणि वीस कार्डांसाठी आहेत.

कागद

कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) जाड कागदाची ए४ मापाची १० पानं घ्या. प्रत्येकाचे मधोमध दोन भाग केले की २१० × १४८ मिमीचे वीस तुकडे मिळतात, आणि घडी घातल्यावर १०५ × १४८ मिमीचं कार्ड होतं. अख्ख्या ए४ची घडी घालून मोठं कार्ड करावंसं वाटतं, पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली ग्रेनची. यंत्रावर तयार झालेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेने पसरलेले असतात. घडी त्या दिशेने घातली तर सुबक बसते. आडवी घातली तर कडेला तडे जातात आणि गडद रंगाच्या कागदात आतला पांढरा भाग डोकावतो. ए४ जाड कागदात तंतू बहुधा लांब बाजूने धावतात. त्यामुळे अख्ख्या ए४ची घडी तंतूंना आडवी जाते आणि अर्ध्या तुकड्याची त्यांच्याच दिशेने. खात्री करायची तर कागद न मोडता आधी लांबीतून, मग रुंदीतून हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या बाजूची घडी बरोबर.

दुसरी अडचण टपालाची. साध्या पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. ३०० जीएसएमचा अख्खा ए४ एकटाच १९ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे पाकिटात घातला की टप्पा ओलांडलाच. अर्ध्या तुकड्याचं कार्ड साडेनऊ ग्रॅमचं. त्यावर सजावटीचा कागद, शिक्क्याचा तुकडा आणि ११४ × १६२ मिमीचं पाकीट धरलं तरी सगळं मिळून १६-१७ ग्रॅममध्ये बसतं.

सजावटीसाठी हातकागदाचा एक मोठा ताव पुरतो. २२ × ३० इंची तावातून कडा सोडून ९५ × १३८ मिमीचे २५ तुकडे निघतात. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालापासून या कागदासाठी ओळखली जाते. पाकळ्या घातलेला, सोनेरी छपाईचा, मार्बलिंगचा (संगमरवरासारख्या रंगीत लहरींचा) असे प्रकार पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर शोधावेत. जुन्या लग्नपत्रिकांचे कागदही उत्तम चालतात, फक्त त्यावरची ठसठशीत गणपतीची मुद्रा कापताना अर्धी होणार नाही हे बघा. घरात कुणाला ते आवडणार नाही.

शिक्क्याच्या तुकड्यांसाठी १८० ते २०० जीएसएमचा गुळगुळीत पण चकचकीत नसलेला कागद हवा. एका ए४मधून ६० × ८५ मिमीचे नऊ तुकडे निघतात, म्हणजे तीन पानांत २७. त्यातले सात बिघडण्यासाठी राखून ठेवलेले. नवशिक्या हाताला ते लागतातच.

इथेच कुणाला वाटेल, शिक्का सरळ हातकागदावरच का मारू नये? कारण शाई पसरते. जुन्नर, दौलताबादकडचे जुने कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, कागदाला खळ लावून दगडाने घोटत असत, ते बोरूची शाई फुटू नये म्हणूनच. आजच्या सजावटी हातकागदावर तेवढी घोटाई नसते. पृष्ठभाग खडबडीत असल्याने शिक्क्याचा निम्मा भाग टेकत नाही आणि जो टेकतो त्याची शाई तंतूंमधून पाझरते. जाड, ढोबळ नक्षी खपून जाते; अक्षरं मात्र वाचता येत नाहीत.

शिक्के

अक्षरांचा शिक्का दुकानातून करून घ्यावा, नक्षीचा घरी कोरावा. दुकानात आपोआप शाई लागणारा शिक्का गळ्यात मारतील, तो नको. त्यात एकच शाई भरलेली असते आणि रंग बदलता येत नाही. साध्या मुठीचा मागा. मजकुराची रुंदी ४० मिमी आणि अक्षराची उंची किमान ८ मिमी ठेवा. त्याहून लहान केलं तर ‘व’चं पोट आणि ‘भ’ची गाठ शाईने बुजते. टाइप ठळक निवडा, पण शिरोरेघ अक्षरापेक्षा जाड नको. आणि शिक्का ओतण्याआधी नमुना डोळ्यांखालून घाला: ‘दीपावली’चा ‘दी’ दीर्घ, ‘दिवाळी’चा ‘दि’ ऱ्हस्व. ‘शुभ दिपावली’ असा शिक्का एकदा तयार झाला, की वीसही घरी चूक पोचते.

नक्षीसाठी मोठा पांढरा प्लॅस्टिकचा खोडरबर घ्या. ३० मिमी रुंदीची पणती त्यावर आरामात बसते. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने, ४बी किंवा ६बीने, चित्र काढा. कागद उलटा करून रबरावर ठेवा आणि मागून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. हे अक्षरांच्या बाबतीत फार महत्त्वाचं. थेट रबरावर ‘श्री’ कोरून बसलात तर छापल्यावर ती आरशातच वाचावी लागेल.

कोरताना कटरचं पातं तिरकं धरा, असं की रेषेची भिंत डोंगराच्या उतारासारखी खाली रुंद होत जाईल. उलट्या उताराने कोरलं तर रेषेखालचा रबर पोकळ होतो, दाब पडला की ती वाकते आणि दहाव्या-बाराव्या छपाईत तुटते. खोली २ ते ३ मिमी पुरे. वळणावर पातं वळवायचं नाही. पातं स्थिर ठेवून रबर फिरवायचा. ज्योत वेगळ्या लहान तुकड्यावर कोरा, म्हणजे दोन रंग घेता येतील. दोन्ही तुकडे काटकोनात कापलेल्या लाकडी ठोकळ्यांवर चिकटवा. मोकळे रबर नंतर प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नका. या रबरातला मऊ करणारा पदार्थ प्लॅस्टिकला विरघळवतो आणि काही महिन्यांनी दोन्ही एकमेकांत रुतून बसलेले सापडतात. कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा.

शाई

कचेरीतलं जांभळ्या शाईचं पॅड या कामाला नको. ती शाई पातळ असते, सुकायच्या आत कडेने फुटते आणि कार्डावर ग्रामपंचायतीच्या दाखल्याची कळा येते. हस्तकलेच्या दुकानात दोन प्रकार मिळतात. डाय शाई कागदात मुरते, मिनिटभरात सुकते, बारीक रेषांना चांगली. पण उन्हात उडते. पिगमेंट शाई दाट, कागदावर बसून राहणारी, रंग भरीव आणि टिकाऊ. पण सुकायला वेळ घेते, दमट हवेत तर रात्रभरसुद्धा. अक्षरांना डाय, पणतीला पिगमेंट अशी वाटणी सोयीची. चकचकीत कागदावर यातली कुठलीच धरत नाही, बोट लागलं की पुसते.

ठसा

दुकानाच्या नव्या शिक्क्यावर तेलकट थर असतो, त्याने शाई थेंबाथेंबाने गोळा होते. तो खोडरबराने हलका घासून घ्या. टेबलावर सात-आठ घड्यांचं वर्तमानपत्र किंवा जुना माउसपॅड पसरा, त्यावर कागदाचा तुकडा. खाली थोडी मऊ गादी असली की शिक्क्याचा प्रत्येक भाग टेकतो.

शिक्का पॅडवर आपटायचा नाही. शिक्का उताणा धरून पॅड त्याच्यावर हलके टेकवा, पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या जागी. त्याने शाई फक्त उंच भागावर लागते, खाचांत उतरत नाही. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर सगळीकडे सारखी ओली चमक दिसायला हवी. मग शिक्का सरळ खाली टेकवा, तळव्याने दाबा, मनात तीन मोजा आणि सरळ वर उचला. सरकारी शिक्का मारायच्या सवयीने मनगट मागेपुढे डुलतं. तीच खोड मोडायची आहे. डुललं की रबराची कड टेकते आणि नक्षीभोवती अर्धवट चौकट उमटते. तरीही चौकट येत असेल तर कडेचा रिकामा रबर आणखी कापून टाका. मधला भाग फिका येत असेल तर गादी कमी पडते आहे. रेषा दुहेरी दिसली तर उचलताना शिक्का सरकला आहे.

दोन रंगांची पणती छापताना ज्योत बरोबर वातीवर बसवणं हे खरं कौशल्य. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. जाड पुठ्ठ्याचा इंग्रजी एलसारखा काटकोन कापा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाचा कोपरा त्या काटकोनात घट्ट बसवून, ज्योतीचा ठोकळाही त्याच कोपऱ्याला टेकवून प्लॅस्टिकवर एक ठसा घ्या. आता ते प्लॅस्टिक पणती छापलेल्या तुकड्यावर ठेवून ज्योत हवी तिथे येईपर्यंत सरकवा. प्लॅस्टिक न हलवता काटकोन त्याच्या कोपऱ्याला लावा आणि घट्ट धरा, प्लॅस्टिक अलगद काढून घ्या, ठोकळा काटकोनाला टेकवून ठसा मारा. ज्योत दाखवलेल्या जागीच पडते. आधी फिका रंग, मग गडद, हा छपाईचा नियम इथेही पाळायचा असेल तर पिवळी ज्योत आधी आणि विटकरी पणती नंतर, हीच रीत उलट क्रमाने.

एका रंगाचे सगळे तुकडे एका दमात उरका. रंग बदलताना शिक्का ओल्या फडक्याने पुसा, खाचांतली शाई जुन्या टूथब्रशने काढा. रॉकेल किंवा थिनर लावलं तर रबर फुगतो.

सोनेरी उठावदार अक्षरं हवी असतील तर पिगमेंट शाई ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर (गरम केल्यावर वितळून उठाव देणारी भुकटी) शिंपडून, जास्तीची झटकून, खालून गरम करावी लागते. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही. त्याची हवा पावडर उडवते आणि उष्णता वितळण्याइतकी नसते. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र) नसेल तर इस्त्री उलटी घट्ट आधाराला लावून, पूर्ण तापवून, तुकडा चिमट्याने तिच्यावर जरा अंतरावर धरा. पावडर चमकून एकसंध झाली की लगेच काढा. जास्त तापली तर ती कागदात मुरते आणि तेलाचा डाग पडल्यासारखं दिसतं. ठसा मारण्याआधी कागदावर रुमालात बांधलेली टाल्कम पावडर थोपटून घेतली तर सोनेरी कण भलतीकडे चिकटत नाहीत.

जोडणी

घडीच्या जागी, म्हणजे १०५ मिमीवर, स्टीलची पट्टी धरून संपलेल्या रिफिलने दाबून रेघ ओढा. रेघेची खोलगट बाजू घडीच्या बाहेर राहील अशी घडी घाला आणि चमच्याच्या पाठीने घासून बसवा.

हातकागद नव्या पात्यानेच कापा, बोथट पातं तंतू ओढतं. कडा फाटीव हवी असेल तर पट्टीच्या कडेने ओल्या ब्रशची रेघ मारा, अर्धं मिनिट थांबा आणि हळू ओढून फाडा.

चिकटवताना फेव्हिकॉल थेट बाटलीतून ओतू नका. त्यातल्या पाण्याने कागद आधी फुगतो, सुकताना आकसतो आणि आपल्याबरोबर कार्डालाही ओढून पन्हळीसारखं वाकवतो. थोडं पाणी घालून सारखं केलेलं फेव्हिकॉल ब्रशने हातकागदावर लावा, कार्डावर नाही. अर्धं मिनिट थांबून कागदाला फुगू द्या, मग कार्डावर चारी बाजूंनी ५ मिमी समास सोडून टेकवा. कोऱ्या कागदात ठेवून वर जाड पुस्तकं रचून रात्रभर दाबा. वर शिक्क्याचा तुकडा चढवायला दुहेरी चिकटपट्टी पुरे. ओला गोंद लावला तर डाय शाई फुटायची भीती. तुकडा अगदी मधोमध ठेवला तर घसरल्यासारखा दिसतो. हातकागदावर वर २२ मिमी, खाली ३१ मिमी जागा सोडा.

कुंदन, टिकल्या, फोमच्या पट्टीवर उचललेली फुलं टपालाच्या कार्डावर नकोत. टपालात पाकिटं गठ्ठ्याने दाबली जातात. कुंदन उलट्या बाजूने पाकीट भोसकतो. तसली कार्डं हाताने द्यायला ठेवा. छपाई नवरात्रात, हवा कोरडी होऊ लागली की काढा, आणि दसऱ्यानंतर आठवड्याभरात पाकिटं पेटीत पडू द्या. पत्ता पाकिटात कार्ड घालण्याआधी लिहा, नाहीतर पेनाचा दाब थेट पणतीवर उमटतो.