जुनं रिव्हॉल्व्हर वापरायचं की जपून ठेवायचं? या चुका टाळा

जुनं, नावाजलेलं रिव्हॉल्व्हर हाती आलं की पहिला प्रश्न हाच पडतो: रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) न्यायचं की कपाटात जपायचं? सल्ला देणारे दोन्ही बाजूंना भेटतात. एक म्हणतो, बंदूक चालवण्यासाठीच केलेली असते. दुसरा म्हणतो, एक गोळी झाडली की किंमत गेली. दोघांचंही अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या सत्यावर घेतलेला निर्णय इथे फार महागात पडतो.

माझं मत स्पष्ट आहे. जपण्याचा निर्णय उद्या बदलता येतो, वापरण्याचा बदलता येत नाही. त्यामुळे शंका आहे तोवर जपा. पण शंका तशीच ठेवून वर्षानुवर्षं बसू नका. जे रिव्हॉल्व्हर आधीच भरपूर चाललेलं आहे, ज्याचा मुलामा कडांवर झिजलेला आहे आणि यंत्रणा मात्र धडधाकट आहे, ते उगाच कोंडून ठेवण्यात काही अर्थ नाही. खाली दिलेल्या चुका प्रामुख्याने ही शंका नीट न मिटवल्यामुळे होतात.

नेमकं काय हाती आहे हे न ओळखताच ठरवणं

कंपनीचं नाव पुरेसं नसतं. कोल्टचं 'पायथन' १९५५ साली आलं, २००५ पर्यंत बनत राहिलं आणि २०२० मध्ये नव्या रचनेसह परत आलं. नाव तेच, पण जुन्याची यंत्रणा हाताने जुळवलेली आणि नव्याची आतून बदललेली, जास्त दणकट. 'सिंगल ॲक्शन आर्मी' १८७३ पासूनचं आहे. पहिली पिढी १९४० च्या सुमारास थांबली, दुसरी १९५६ मध्ये सुरू झाली. पिढी कोणती यावर किंमतही ठरते आणि त्यात कोणतं काडतूस घालता येईल हेही. स्मिथ अँड वेसनने मॉडेलना आकडे द्यायला १९५७ मध्ये सुरुवात केली, त्यामुळे आकडा नसलेलं रिव्हॉल्व्हर त्याआधीचं असण्याची शक्यता मोठी.

अनुक्रमांक फक्त एकाच ठिकाणी बघून थांबू नका. जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये तो मुठीच्या तळाशी, सिलिंडरवर (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावर), नळीखाली आणि बऱ्याचदा लाकडी मुठीच्या आतल्या बाजूलाही सापडतो. सगळे जुळले तर सुटे भाग मूळचे आहेत असं धरायला आधार मिळतो. सिलिंडर दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा निघाला तर संग्राहकाच्या दृष्टीने मोल बरंच उतरतं, आणि मग वापरण्याचा विचार करायला मोकळीक मिळते.

'कधीच न झाडलेलं' या वर्णनाबद्दलही एक सांगतो. कारखान्यात चाचणीसाठी गोळ्या झाडलेल्या असतात. त्यामुळे सिलिंडरच्या एक-दोन घरांत (काडतुसांच्या भोकांत) हलका काळसरपणा दिसला म्हणून कोणी फसवलं असं लगेच समजू नका. कारखान्याबाहेर झाडलेलं नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ.

चकचकीत करून घेणं

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या चुकीची. घरातलं जुनं रिव्हॉल्व्हर, मुलामा ठिकठिकाणी उडालेला, म्हणून कोणीतरी हौसेने ते पॉलिश करून त्यावर पुन्हा निळा-काळा मुलामा चढवून आणतं. दिसायला झकास. पण संग्राहकाच्या लेखी होत्याचं नव्हतं होतं. मूळचा साठ टक्के उरलेला मुलामा हा नव्या शंभर टक्के मुलाम्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त मोलाचा असतो.

विकत घेताना हे ओळखायचं कसं? रिव्हॉल्व्हर उजेडात तिरकं धरा आणि फ्रेमवरची, म्हणजे मुख्य सांगाड्यावरची, अक्षरं बघा. मूळ ठशांच्या कडा टोकदार असतात. पॉलिशच्या चाकावर घासलेल्या अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, बारीक अक्षरांचे पाय तर गायबच होतात. मग स्क्रूच्या भोकांकडे या. घासताना भोकाची कड आत ओढली जाते आणि स्क्रूभोवती उथळ वाटी तयार होते. फ्रेमच्या सपाट पृष्ठभागावर खिडकीची चौकट प्रतिबिंबित करून बघा. मूळ पृष्ठभागावर रेषा सरळ राहते, घासलेल्यावर ती लाटेसारखी हलते. शेवटचं, घोडा (मागचा, काडतुसावर आघात करणारा भाग) आणि चाप. बऱ्याच जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये हे भाग निळे केलेले नसत, त्यांच्यावर उष्णतेने आणलेले मातकट-निळे-तपकिरी रंगांचे ढग असत. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये तेही एकसारखे निळे दिसले तर कोणीतरी सगळं एकाच टाकीत बुडवलेलं आहे.

आणि असं रिव्हॉल्व्हर आधीच घरात असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मूळ मोल गेलेलं आहे, त्यामुळे यंत्रणा चांगली असेल तर ते रेंजवर न्यायला उत्तम.

काडतूस बसलं म्हणजे चालतं, असं समजणं

इथे प्रश्न पैशांचा नाही, हातांचा आणि डोळ्यांचा आहे. १९०० च्या आसपासपर्यंतची बरीच रिव्हॉल्व्हरं काळ्या दारूसाठी (जुन्या, धूर करणाऱ्या बारुदीसाठी) बनलेली आहेत. आजची धूरविरहित दारू जास्त दाब निर्माण करते. पहिल्या पिढीतल्या जुन्या सिंगल ॲक्शन आर्मीच्या फ्रेमला म्हणूनच 'काळ्या दारूची फ्रेम' म्हणतात. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये आजचं कारखानी काडतूस सहज आत जातं, आणि तेच धोक्याचं आहे.

वेबली मार्क ६ हे दुसरं ठळक उदाहरण. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेलं हे रिव्हॉल्व्हर .४५५ काडतुसासाठी आहे. पुढे .४५ एसीपी काडतुसं मुबलक मिळतात म्हणून असंख्य वेबलींच्या सिलिंडरचा मागचा भाग कापून त्यात ही काडतुसं बसतील अशी सोय केली गेली. .४५ एसीपीचा मान्य कमाल दाब २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, मूळ .४५५ काडतुसाचा त्याहून बराच कमी. कापलेली वेबली संग्राहकासाठी कमी मोलाची, आणि वापरणाऱ्यासाठी पूर्ण ताकदीच्या काडतुसांसह धोकादायक. ती हलक्या भाराच्या काडतुसांवरच चालवावी.

दुसऱ्या महायुद्धातली स्मिथ अँड वेसनची 'व्हिक्टरी' रिव्हॉल्व्हरंही अशीच. ब्रिटनला पाठवलेली मूळची .३८/२०० या काडतुसाची होती. युद्धानंतर कित्येकांची घरं खोल करून त्यांत .३८ स्पेशल बसेल असं केलं गेलं. पण .३८ स्पेशलचं आवरण मूळ काडतुसापेक्षा बारीक आहे, त्यामुळे झाडल्यावर ते फुगतं, कधी तडकतं. रिकामं आवरण मधेच फुगीर निघालं तर तिथेच थांबा.

नव्या मानल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरलाही मर्यादा असतात. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ हे .३५७ मॅग्नमचं, आटोपशीर आणि हातात सुरेख बसणारं. त्यात नळी जिथे सुरू होते त्या तोंडाचा तळ जागेअभावी सपाट छाटलेला आहे. हलक्या, १२५ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) वजनाच्या गोळीची जोरदार मॅग्नम काडतुसं सातत्याने वापरली की नेमका तिथेच तडा जातो. कंपनीने १९८० च्या सुमारास 'एल-फ्रेम' हा मोठा सांगाडा आणला त्यामागे हे एक कारण होतं. मॉडेल १९ आवडीने वापरायचं असेल तर त्यात .३८ स्पेशल वापरा, आणि नंतर घरं नीट घासा. आखूड काडतुसाच्या तोंडाशी काजळीचं कडं जमतं आणि मग लांब मॅग्नम काडतूस अडकतं.

यंत्रणा न तपासता थेट रेंजवर नेणं

ही तपासणी घरीच करता येते. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची आधी खात्री करा: सिलिंडर उघडा, प्रत्येक घर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. काडतुसं त्या खोलीतच नसावीत.

सिलिंडर बंद करा. एका हाताचं बोट त्यावर अगदी हलकं टेकवा, जेणेकरून तो आपल्याच वेगाने पुढे गरगरणार नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घोडा सावकाश, अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी, निदान त्याच क्षणी, सिलिंडर खट् करून जागेवर पक्का व्हायला हवा. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून सैल आहे, बोटाने ढकलल्यावर मग खट् होतो, तर वेळ चुकते आहे. अशा स्थितीत झाडलेली गोळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासून जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. हे प्रत्येक घरासाठी वेगवेगळं करून बघा. पाच घरं बरोबर आणि सहावं चुकीचं असं सर्रास सापडतं.

जुन्या पायथनमध्ये हा दोष विशेष बघावा लागतो, कारण सिलिंडर फिरवणारा आतला भाग, ज्याला 'हँड' म्हणतात, झिजत जातो आणि ती यंत्रणा नीट जुळवू शकणारे कारागीर आता मोजकेच आहेत. उलट एक गैरसमज स्मिथ अँड वेसनबाबत होतो. जुन्या कोल्टमध्ये चाप पूर्ण ओढून धरला की सिलिंडर तसूभरही हलत नाही. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित खेळ असतोच, तो दोष नव्हे. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावून चांगलं रिव्हॉल्व्हर नाकारू नका.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट पातळ पट्ट्यांच्या गेजने मोजा. ०.००४ ते ०.०१० इंच, म्हणजे साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर ठीक. सिलिंडर पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं. घोडा मागे अडकवून, चापाला हात न लावता, मागून अंगठ्याने पुढे दाबा. तो पडता कामा नये. पडला तर वापराचा विषय संपला. नळीत उजेड सोडून बघा. आत गडद कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते, आणि अशा नळीतून गोळी झाडायची नाही.

'थोडंसंच वापरू' म्हणणं

खरोखर कोरं, मूळ डब्यातलं, कागदपत्रांसह असलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर मधला मार्ग नसतो. पहिल्या पन्नास काडतुसांनी सिलिंडरच्या तोंडाशी जळल्याच्या खुणा येतात, फ्रेमवर नळीच्या मुळाशी ज्वाळेची रेघ उठू लागते. नुसतं कोरडं फिरवूनही सिलिंडरभोवती त्याला अडवणाऱ्या खिटीची बारीक रेघ पडते, आणि कोऱ्या पायथनचा खरेदीदार सगळ्यात आधी तीच शोधतो. मित्रांना दाखवताना सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करणं तर कुठल्याच रिव्हॉल्व्हरला चालत नाही. सिलिंडर ज्या दांडीवर झुलतो ती वाकते आणि वर सांगितलेली सगळी जुळणी बिघडते.

झाडायची हौस असेल तर ती दुसऱ्या रिव्हॉल्व्हरवर भागवा. जुनं पायथन कोरं असेल तर २०२० नंतरचं पायथन रेंजसाठी घ्या. जुन्या सिंगल ॲक्शन आर्मीसाठी इटलीतल्या उबेर्टी कंपनीच्या चांगल्या प्रतिकृती मिळतात. जुन्या रचनेची असेल तर प्रतिकृतीतही पाचच काडतुसं भरा आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवा. त्या रचनेत सुरक्षेच्या खाचेवर विसंबता येत नाही.

मोल फक्त कोरेपणात नसतं, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेतला शेरीफ पॅट गॅरेट याने ज्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीने बिली द किड या गुन्हेगाराला मारलं, ते २०२१ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. ते कोरं नव्हतं, त्याचा इतिहास कागदोपत्री पक्का होता. तुमच्या रिव्हॉल्व्हरची कहाणी माहीत असेल तर ती आजच लिहून काढा, जुने फोटो, पावत्या, पत्रं सोबत ठेवा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्हींच्या जुन्या नोंदींवरून, रिव्हॉल्व्हर कधी आणि कुठे पाठवलं गेलं, याचं पत्र शुल्क भरून मागवता येतं. विकण्याआधी किंवा वापरायला काढण्याआधी ते मागवा. साधं वाटणारं रिव्हॉल्व्हर कधीकधी त्या पत्राने वेगळंच निघतं.

जपायचं ठरवलं आणि कपाटात टाकून दिलं

चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका. चामड्यात ओल आणि कमावताना वापरलेली रसायनं असतात, आणि गंज बरोबर म्यानाच्या शिवणीच्या आकारात उठतो. स्पंजचं अस्तर असलेली पेटीही ओल धरते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा, सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी वाळवा. हात लावल्यावर घामातले क्षार पुसून टाका.

तेल पातळ थरात लावा. भरभरून ओतलेलं तेल मुठीच्या लाकडात मुरतं आणि यंत्रणेत चिकट होऊन बसतं. बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण जास्त चांगलं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत संग्रहातल्या वस्तूंसाठी तयार झालेलं 'रेनेसान्स वॅक्स' याच कामाचं आहे. निकेलचा मुलामा असेल तर नळीतलं तांबं काढणारं, अमोनिया असलेलं द्रावण जवळही आणू नका, ते मुलाम्याखाली शिरून तो उचलून काढतं. मूठ अधूनमधून काढून खाली बघा, गंजाची सुरुवात बहुधा तिथेच झालेली असते. मात्र त्यासाठी खाचेत अचूक बसणारा, समांतर धारेचा स्क्रूड्रायव्हर हवा. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच एकदा ओरबाडली की ती प्रत्येक खरेदीदाराला दिसते.

जुन्या साठ्यातली, क्लोरेटची टोपी (दारू पेटवणारा तळाचा भाग) असलेली काडतुसं झाडली असतील तर नुसत्या तेलाने भागत नाही. मागे उरणारं मीठ पाण्यातच विरघळतं. गरम साबणाच्या पाण्याने नळी आणि घरं धुवा, पूर्ण कोरडी करा, मग तेल लावा.

परवान्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, आणि काही ठिकाणी संग्रहासाठी आणि वापरासाठी वेगळी परवानगी लागते. ते आधी विचारून घ्या. कोणी रिव्हॉल्व्हर कायमचं निकामी करून घ्यायचा सल्ला दिला, तर नळीला भोक पाडण्याआधी कायद्याने ते खरंच आवश्यक आहे का याची लेखी खात्री करा.

निर्णय काहीही झाला तरी रिव्हॉल्व्हरसोबत एक चिठ्ठी ठेवा: मॉडेल, अनुक्रमांक, त्यात नेमकं कोणतं काडतूस चालतं आणि कोणतं बसलं तरी अजिबात झाडायचं नाही, तपासणीत काय आढळलं, शेवटचं तेल कधी लावलं. तुमच्यानंतर ते ज्याच्या हाती जाईल त्याला हे सांगायला तुम्ही जवळ असालच असं नाही.