साल्ट प्रिंट: टॅल्बटचं प्रमाण, हर्शेलचा हायपो

साल्ट प्रिंट म्हणजे मीठ आणि चांदी लावलेल्या कागदावर उन्हात छापलेला फोटो. फोटोग्राफीचा आद्य प्रयोगकर्ता विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट 1834 पासून इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबीत कागदाला मिठाचं पाणी आणि वरून सिल्व्हर नायट्रेट (चांदीचा क्षार) लावून बघत होता. ब्रश जिथे संपतो त्या कडा उजेडात बाकी कागदाआधी काळ्या पडत. कारण तिथे मीठ कमी होतं. मीठ कमी आणि चांदी जास्त, हे सूत्र त्याला तिथे सापडलं. आजही साल्ट प्रिंट बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 20 ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घ्या (स्वयंपाकाचं मीठ नको) आणि 8 ग्रॅम जिलेटिन. जिलेटिन आधी थोड्या गार पाण्यात फुगवून मग कोमट करून विरघळवायचं. शंभर टक्के कॉटनचा वॉटरकलर कागद यात 3 मिनिटं बुडवा, टांगून वाळवा आणि मागच्या बाजूला पेन्सिलने खूण करा.

पुढचं काम मंद पिवळ्या बल्बखाली. 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 12 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. हातमोजे आणि गॉगल हवेतच. कातडीवरचे डाग आठवडाभर जात नाहीत, पण डोळ्याला इजा कायमची होऊ शकते. 8 बाय 10 इंचाला 2-3 मिली पुरतं. ब्रशला धातूची पट्टी नको, नाहीतर काळे ठिपके येतात. आधी आडवे, मग उभे हात मारा. चांदी कमी पडली तर प्रिंट फिकट आणि सपाट येते. कागद त्याच दिवशी वापरा, ठेवला तर आपोआप तपकिरी होतो. दमट हवेत आणखी लवकर. शिवाय ओलसर कागद निगेटिव्हवर डाग पाडतो, तेव्हा नीट वाळू द्या.

निगेटिव्ह भरपूर कॉन्ट्रास्टची हवी. साध्या ब्रोमाइड कागदासाठी केलेली इथे मिळमिळीत छापते. फ्रेममध्ये ती कागदावर घट्ट दाबून उन्हात ठेवा आणि अधूनमधून एक बाजू उघडून बघा. घड्याळापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवा: प्रिंट हवी त्याहून स्पष्ट गडद झाली की थांबायचं, कारण फिक्सिंगमध्ये (उरलेला चांदीचा क्षार काढून प्रिंट पक्की करताना) ती उतरते.

मग पाण्यात धुवा. पाणी दुधाळ होईल; ते सुटलेल्या चांदीमुळे. दुधाळपणा थांबेपर्यंत पाणी बदला.

टॅल्बट सुरुवातीला मिठाच्याच दाट पाण्याने प्रिंट ‘थांबवायचा’, पण त्यात चांदीचं क्षार कागदात उरतं. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते विरघळवतो हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1819 मध्येच नोंदवलं होतं. 1839 मध्ये त्याने ते टॅल्बटला सांगितलं. हायपोच वापरा: 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, 2 ग्रॅम सोडियम कार्बोनेट. दोन ट्रे, प्रत्येकी 3 मिनिटं. बाजारातला आम्लधर्मी रॅपिड फिक्सर बारीक छटा खाऊन टाकतो.

हायपोत प्रिंट लालसर दिसली तरी घाबरू नका, वाळल्यावर गडद होते. पांढरा भाग पिवळा पडू लागला तर हायपो संपलाय. शेवटी तासभर वाहत्या पाण्यात धुवा. वापरलेला हायपो नाल्यात ओतू नका, त्यात चांदी आहे.