बचत करायला निघालात? मग आधी या चुका टाळा

आमच्या बेळगावातल्या वडगावात, शहापुरात, खानापूरकडच्या माझ्या माहेरात, कुठंही गेलं तरी एकच ऐकू येतं, "अक्का, महिन्याच्या शेवटी हातात काहीच राहत नाही बघा." आणि जरा खोदून विचारलं की कळतं, चैनीत काही गेलेलं नाही, पैसे वाचवायचे म्हणून जे केलं त्यातच गेलेत. वीस-बावीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी सांभाळते मी, त्यामुळं कोणाच्या घरात पैसा कुठून गळतो ते दिसतं, आणि तेच तेच बघून आता जीव कंटाळलाय म्हणून लिहितेय.

पहिली चूक, वर्षाचा तांदूळ कसाही भरून ठेवणं. भरणं चूक नाही, कसाही भरणं चूक. सुगी झाली, नवीन इंद्रायणी आली की रविवार पेठेत पोत्यावर दर कमी पडतो म्हणून लोक टेम्पो करून पोती आणतात आणि जिन्याखाली फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवून देतात. लग्नानंतर पाचव्या की सहाव्या वर्षी मी पण हेच केलं. पन्नास किलोची चार पोती. तेव्हा ह्यांचं मागावरचं काम आज आहे तर उद्या नाही असं, त्यातून जमवलेले सगळे पैसे त्या पोत्यांत घातलेले. आषाढात आमच्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंतींना ओल फुटते. एक दिवस पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं. ओतून बघितलं तर सोंडकिडे, जाळी, आणि तळाचा तांदूळ कुबट होऊन त्याचे गोळे झालेले. दोन पोती गेली ती गेलीच, गोठेवाल्याला देऊन टाकली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, एका शब्दानं बोलल्या नाहीत, सूप घेऊन बसल्या आणि आम्ही दोघींनी उरलेली दोन पोती चार दिवस पाखडली. पाखडता पाखडता त्यांनी जे सांगितलं ते मी आजपर्यंत पाळते.

किडा बाहेरून उडत येतोच असं नाही, मादी दाण्याच्या आत अंडी घालते, त्यामुळं तो बऱ्याचदा दुकानातून पोत्याबरोबरच घरात येतो आणि ओल-उबारा मिळाला की वाढतो. म्हणून घेतानाच दाणा दाताखाली धरून बघायचा, कट् करून तुटला पाहिजे, मऊ दबला तर ते पोतं घ्यायचं नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. गहू आणि डाळी कडक उन्हात वाळवायच्या, पण तांदूळ कडक उन्हात टाकला की दाण्याला चिरा जातात आणि कणी होते, तो सावलीतच पसरायचा. ज्यांचं स्वतःचं शेत आहे त्यांनी तर तांदूळ करून ठेवूच नये, भात तसंच ठेवावं आणि लागेल तसं एक-दोन पोती गिरणीतून काढून आणावं, तूस असलं की दाणा जास्त टिकतो. पोतं फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. कोठीत गेल्या वर्षीचा मूठभर जरी दाणा राहिला असेल तरी तो काढून, कोठी पुसून, उन्हात तापवून मगच नवीन भरायचं. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला मी थराथरात घालते, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावते.

आणि ज्यांना एवढं करायला वेळ नाही ते काय करतात, तर धान्यात ठेवायच्या गोळ्या आणतात. नका हो आणू. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या असतील तर ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, ती गोदामाची वस्तू आहे, झोपायच्या खोलीच्या शेजारी ठेवायची नाही, माणसं मेलीत त्यानं. वेळ नसेल तर सरळ दोन-दोन महिन्यांचा तांदूळ घ्या, किलोमागं दोन-चार रुपये जास्त जाऊ देत.

दुसरी चूक जास्त व्याजाची. यात मी स्वतः होरपळलेय म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या भागात गल्लोगल्ली ठेवी घेणाऱ्या क्रेडिट सोसायट्या आहेत, रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात येतो, ओळखीचा असतो, चेअरमन आपल्याच लग्नकार्याला येऊन बसलेले असतात. थोरलीच्या लग्नासाठी मी दीड लाख जमवले होते, बँकेत ठेव होती. शेजारची एकजण म्हणाली, "काय गे, बँकेत ठेवून काय मिळतंय तुला? आमच्यात दुप्पट मिळूलालंय." मी ठेव मोडली आणि तिकडं टाकली. पहिलं वर्ष व्याज तारखेला आलं. दुसऱ्या वर्षी "पुढच्या सोमवारी या" सुरू झालं. मग पुढच्या महिन्यात या, मग मॅनेजर रजेवर. लग्न ठरलं तेव्हा माझ्या हातात नुसती पावती होती, मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं गहाण ठेवून लग्न केलं. ते दीड लाख मला तीन वर्षांत पाच-पाच, दहा-दहा हजारांनी मिळाले, त्यासाठी किती फेऱ्या घातल्या त्याचा हिशोबच नाही.

तेव्हा मला माहीत नव्हतं आणि आजही भिशीतल्या निम्म्या बायकांना माहीत नाही ते हे, की बँक बुडाली तर एका माणसाचे एका बँकेतले मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत विम्यातून मिळतात, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकेलाही तो विमा आहे. पण क्रेडिट सोसायटीला नाही! पाटीवर 'बँक' लिहिलंय का 'सोसायटी' ते वाचा, पिशवीवरचं चित्र बघू नका. पिग्मी मी अजून भरते, रोजचे पन्नास रुपये, कारण दारात माणूस आला की पैसे निघतात, नाहीतर निघत नाहीत. पण मुदत संपली की त्याच दिवशी काढून पोस्टात नाहीतर बँकेत टाकते, तिथं "असू दे अजून" म्हणून ठेवत नाही. मुदतीआधी मोडली तर व्याज जातं आणि वर कमिशन कापतात, ते सुरू करतानाच विचारा. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, महिना १०० रुपयांपासून होते, पाच वर्षांची. पोरांना हे सांगितलं की म्हणतात पाच वर्षं कोण थांबणार. ज्याला पाच वर्षं थांबवत नाही त्यानं लग्नाचे, शिक्षणाचे पैसे हाताळूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत पण लोक असेच फसतात. २०२३ पासून वीज फुकट झाली असं धरून लोकांनी गीझर बसवले. सरसकट २०० युनिट फुकट नाहीत, २०२२-२३ मधली तुमची महिन्याची सरासरी आणि वर १० टक्के (सरासरी ४८ च्या आत असेल तर २०२४ पासून वर १० युनिट) एवढेच फुकट. समजा सरासरी ९० असेल तर ९९. दोन हजार वॅटचा गीझर रोज एक तास चालला की महिन्याला ६० युनिट, ते जवळजवळ सगळे तुमच्या खिशातून. आणि २०० च्या वर एक युनिट गेलं की पूर्ण बिल भरायचं. आमच्याकडं अजून बंबच आहे, करवंट्या आणि वाळकी लाकडं घालून, थंडीत सगळ्यांच्या अंघोळी होतात.

सरकार घरातल्या बाईला महिन्याला देतं त्या गृहलक्ष्मीच्या २००० रुपयांच्या भरवशावर कर्जाचा हप्ता बांधू नका. ते पैसे कधी वेळेवर येतात, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, हप्ता मात्र तारखेलाच असतो.

बायकांना बस फुकट झाली म्हणून बाजाराला गणपत गल्लीत आठवड्यातून चार चकरा, आणि प्रत्येक चकरेला दोनशेची काहीतरी वस्तू पिशवीत. यादी करून एकदाच जा.

बायकांच्या संघातून मिळणारं मायक्रोफायनान्सचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज साडीसाठी, बारशासाठी कधीच घेऊ नका, आणि एक फेडायला दुसरं तर अजिबात नको. वसुलीच्या त्रासाला आळा घालायला २०२५ मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला, यावरून समजून घ्या.

वर्षाचं तिखट करताना नुसती स्वस्त मिरची बघू नका, संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला असं मिसळलं की चमचाभर कमी लागतं आणि तेवढीच मिरची जास्त दिवस पुरते.

डाळ-कडधान्य भिजवल्याशिवाय कुकरला लावू नका, गॅस जास्त जातो.

हिशोबाला ॲप घ्यायची गरज नाही, घ्यायचं तर घ्या, पण पंधरा दिवसांनी कोणी उघडत नाही ते मी बघितलंय. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते, पोतं कधी फोडलं, सिलिंडर कधी लावला, दोन्हीच्या तारखा. गेल्या वर्षी पाहुणे जास्त होते तरी सिलिंडर सदतीस दिवस गेला, यंदा तो एकतीसवर आलाय, म्हणून परवा बर्नर काढून सुईनं साफ केला तर एका बाजूची निम्मी भोकं बुजलेली निघाली.