मुंब्र्याहून मक्केकडे: एहराम कसा बांधावा आणि कसा पाळावा

मुंब्रा, कौसा, राबोडी किंवा नेरूळहून उमऱ्याला (हजच्या दिवसांव्यतिरिक्तही करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेला) निघणाऱ्या घरात पहिली खरेदी बहुधा दोन पांढऱ्या, बिनशिवलेल्या कापडांची होते आणि ती नेसली की एहराम, म्हणजे यात्रेची बंधने पाळण्याची पवित्र अवस्था, सुरू झाला, असे अनेकजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात उमऱ्याची किंवा हजची नियत (मनातला संकल्प) करून तलबिया (‘लब्बैक’चा घोष) म्हटल्यावर माणूस एहरामात येतो, आणि बंधनेही तेव्हापासूनच लागू होतात. म्हणून कापड कोठे नेसायचे आणि नियत कोठे करायची, हे दोन निर्णय वेगवेगळे घ्यावेत.

थेट जेद्दाला उतरणार असाल, तर विमान मिकातची, म्हणजे एहरामाशिवाय ओलांडू नये अशा ठरलेल्या सीमेची, हद्द ओलांडण्यापूर्वी नियत झालीच पाहिजे. मुंबई बंदरातून जहाजे जात असत तेव्हा यलमलम या मिकातजवळ एहराम बांधला जाई. ती जलयात्रा १९९५ मध्ये बंद झाली आणि आता मिकात आकाशातच ओलांडावी लागते. विमानात बहुधा तशी सूचना दिली जाते, तरी झोप लागण्याची भीती असलेल्याने तिच्या भरवशावर राहू नये. आधी मदीनेला जाणाऱ्याने मात्र मुंबईहून एहराम बांधण्याची गरज नाही. मक्केकडे निघताना वाटेत लागणाऱ्या जुल-हुलैफा येथे, म्हणजे आजच्या अब्यार अली येथे, तो बांधावा.

नखे आणि नको असलेले केस घरीच काढून गुस्ल (पूर्ण स्नान) करावा आणि पुरुषांनी कापडे घरूनच नेसून निघावे, कारण मुंब्रा बायपासच्या किंवा पूर्व द्रुतगती मार्गाच्या कोंडीतून विमानतळावर पोहोचल्यावर तेथील स्वच्छतागृहात ही तयारी निवांतपणे होत नाही. मोठ्या सामानात एहराम ठेवून ते सामान आधीच जमा करून टाकणारे प्रवासीही असतात. दोन रकात नफिल (ऐच्छिक नमाज) वाचून नियत मात्र विमानात बसल्यावर केली तर सोयीचे पडते. निरोप द्यायला आलेले नातेवाईक दारातच हार घालतात आणि प्रेमाने अत्तर लावतात. नियत झालेली असेल तर हे प्रेम महागात पडते. हार-अत्तर आधीच उरकावे आणि अत्तर कापडाला न लावता अंगालाच लावावे.

नियतीनंतर पुरुषाने अंगाच्या मापाने शिवलेले कपडे घालू नयेत आणि डोके झाकू नये. विमानातल्या गारठ्यात झोपेत ब्लँकेट डोक्यावर ओढले जाते, तिकडे सोबत्याने लक्ष ठेवावे. छत्री चालते, कारण ती डोक्याला टेकत नाही. कमरेचा पट्टा चालतो. पायात साधी हवाई चप्पल असावी. स्त्रियांचे नेहमीचे शिवलेले, अंगभर कपडेच त्यांचा एहराम. फक्त चेहऱ्याला चिकटणारा नकाब आणि हातमोजे टाळावेत. मासिक पाळी सुरू असली तरी गुस्ल, नियत आणि तलबिया यांना अडकाठी नाही. नमाज आणि तवाफ (काबागृहाभोवतीच्या प्रदक्षिणा) तेवढे पाक (शुद्ध) होईपर्यंत थांबतात.

केस-नखे कापणे, शिकार आणि शरीरसंबंध ही बंधने सर्वांनाच माहीत असतात. चुका होतात त्या सुगंधाच्या. जेवणासोबत मिळणारा ओला रुमाल, हॉटेलातला साबण, अगदी काबागृहाच्या गिलाफाला (आच्छादनाला) लावलेले अत्तर, या सर्वांपासून हात दूर ठेवावा. बिनवासाचा साबण आणि मांड्या घासल्या जाऊ नयेत म्हणून बिनवासाचे व्हॅसलिन इथूनच न्यावे.

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि त्यांचे कित्येक शेजारी हनफी (सुन्नी धर्मशास्त्राच्या या दोन वेगळ्या परंपरा), ही ठाणे जिल्ह्यातील नेहमीची स्थिती आहे. शाफई मतानुसार नियत पुरेशी असते, तर हनफी मतानुसार तिच्यासोबत तलबिया आवश्यक असतो. पुरुषाने चेहरा झाकण्याबाबत, म्हणजे मास्कबाबतही, दोन्हींत फरक आहे. त्यामुळे शेजाऱ्याची पुस्तिका वाचून निर्णय घेण्यापेक्षा आपल्या मसलकच्या (परंपरेच्या) आलिमांना (धर्मपंडितांना) विचारणे बरे. आजारामुळे केस काढावे लागले, तर ३ रोजे, ६ गरिबांना अन्न किंवा एक कुर्बानी असा फिदिया (भरपाई) आहे. इतर चुकांवर दम (कुर्बानी) लागेल की सदका (दान), हे स्वतः ठरवू नये.

उमऱ्यात तवाफ सुरू करताना तलबिया थांबवावा. उजवा खांदा तवाफाच्या वेळी उघडा ठेवायचा असतो. घरापासूनच तो उघडा ठेवून फिरण्याचे कारण नाही. सईनंतर, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्यांनंतर, पुरुषाने मुंडण करावे किंवा सर्व डोक्याचे केस आखूड करावेत आणि स्त्रीने बोटाच्या पेराएवढे कापावेत. मरवावर कोणाची तरी कात्री मागून दोन-चार बटा कापण्याची पद्धत दिसते. हनफी मतानुसार किमान चौथाई डोक्याचे केस कापले जाईपर्यंत एहराम उतरत नाही, म्हणून न्हाव्याकडे जाऊन आल्यावरच शिवलेला कुर्ता अंगात घालावा.